तिसरी बराखा

बटाट्याच्या लात्क्यांचा शेवटचा घाणा कढईत होता आणि खिडकीत हनुका या ज्यूंच्या आठ संध्याकाळींच्या सणाचा पहिला दिवा विझत आला होता, तेवढ्यात नोएमी शापोश्निकच्या फोनवर आब्रीलचा व्हिडिओ आला. आब्रील म्हणजे तिच्या चुलत बहिणीची, पेर्लाची मुलगी. नऊ वर्षांची. गावापासून तासाभराच्या कच्च्या रस्त्यावर त्यांचा गुरांचा मळा. व्हिडिओखाली पेर्लाने लिहिलं होतं, "बघ तुझी विद्यार्थिनी. एकदासुद्धा अडखळली नाही."

खरंच अडखळली नव्हती. न्हाऊन ओल्या केसांनी आब्रील एका खोक्यावर उभी होती. डिसेंबरच्या उकाड्याने मेणबत्ती कमरेत वाकली होती. तिने दिवा लावण्याआधी म्हणायच्या तिन्ही बराखा, म्हणजे देवाची स्तुतिवचनं, चालीवर म्हटल्या, आणि दुसरीच्या मध्यावर थांबून, छातीवर हात ठेवून, म्हाताऱ्या माणसासारखी घसा खाकरून पुढे गेली. नोएमीला हसू फुटलं. तो खाकरा गावातल्या म्हाताऱ्या लेइसेर सेइदेचा होता. नोएमीने मळ्यांवरच्या मुलांना पाठवलेल्या फिल्ममध्ये तो त्याच जागी खाकरला होता, आणि पोरीने तोही पाठ केला होता.

"रुबेन, इकडे ये, ऐक हे," तिने नवऱ्याला हाक मारली आणि व्हिडिओ पुन्हा लावला. दुसऱ्या वेळी मात्र तिचं हसू मध्येच थांबलं.

"काय झालं?"

"ती हाशेम म्हणतेय."

"मग?"

"रुबेन, दिवा खरा आहे. आणि ती हाशेम म्हणतेय."

तेव्हा रुबेननेही हातातला लात्का खाली ठेवला. बराखेत देवाचं नाव येतं, आणि ते नाव उगाच घ्यायचं नसतं. सराव चालला असेल, कुणाला गोष्ट सांगायची असेल, तर त्या जागी 'हाशेम' म्हणायचं, म्हणजे नुसतं 'ते नाव'. दिवा खरोखर लावायचा असेल तेव्हा मात्र खरं नाव घ्यायचं. नाहीतर ती बराखाच होत नाही. एल ओंबू गावात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही, कारण तो दोन्ही ऐकत मोठा होतो. पण मळ्यांवरच्या मुलांनी एकच ऐकलं होतं. फिल्म नोव्हेंबरात, एका बुधवारी दुपारी, सेइदेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलेली. तेव्हा ना सण होता, ना दिवा लावायचा होता. म्हणून सेइदे 'हाशेम' म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

जेवण होईपर्यंत आणखी पाच घरांचे व्हिडिओ आले. सगळीकडे तेच. खाकरा मात्र सगळ्यांनी घेतला नव्हता.

नोएमी गावातल्या माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. ती फिल्म पाठवण्याआधी तिने तीनदा पाहिली होती आणि तीनदा तिच्या कानाने 'हाशेम' ऐकून आपोआप मनात खरं नाव भरून घेतलं होतं. ज्याला आधीच येतं त्यानेच धडा तपासायचा, ही पद्धत एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगात वापरली असती तर तिने त्याचे गुण कापले असते.

मुळात या फिल्मा तिने हट्टाने सुरू केल्या होत्या. त्याआधी राजधानीतून सणांच्या तयार फिल्मा यायच्या. चांगल्या होत्या, पण त्यांत हनुकेला बर्फ पडायचा आणि मुलं लोकरीच्या टोप्या घालून दिवे लावायची, आणि इथे तर हनुका ऐन उन्हाळ्यात येते. "मग आपली हनुका खोटी आहे का?" असं आब्रीलनेच एकदा कलिंगड खाता खाता विचारलं होतं. त्या दिवशी नोएमीने ठरवलं, की आपल्या एंत्रे रिओस प्रांतातल्या मुलांना एंत्रे रिओसचेच सण दाखवायचे. वसंतात येणारा मांडवाचा सण, निलगिरीच्या फांद्यांचं छप्पर, आणि शिकवायला आपल्याच गावचा माणूस. आता त्याच माणसाच्या तोंडून आठ घरांत चुकीची बराखा गेली होती. हनुकेच्या सात संध्याकाळी अजून शिल्लक होत्या. उद्या दिवे लागण्याआधी हे दुरुस्त व्हायलाच हवं, एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं.

सकाळी ती सेइदेकडे गेली. लेइसेर फुर्मान तिचा कुणी लागत नव्हता, पण सेइदे म्हणजे आजोबा, आणि गावात तो सगळ्यांचाच सेइदे. उभी हयात त्याने गुरांच्या बाजारात लिलाव पुकारले होते आणि आवाज अजून तसाच होता. मोरीजवळ बसून तो माते, म्हणजे इथला कडू पानांचा चहा, पीत होता. त्याने नळीसकट भांडं तिच्या हातात दिलं.

नोएमीने आब्रीलचा व्हिडिओ लावला. खाकरा आला तसा सेइदे गालात हसला. त्यानंतर तो हसला नाही.

"सगळ्यांनी असंच?"

"ज्यांचे आले त्यांनी सगळ्यांनी."

"तिसरीसुद्धा?"

"तिसरीसुद्धा."

तिसरी बराखा आभाराची. या दिवसापर्यंत जगवलंस, पोचवलंस. ती फक्त पहिल्या संध्याकाळी म्हणायची.

"चाळीस वर्षं लिलाव पुकारला," सेइदे म्हणाला. "एका कालवडीची चूक नाही केली. आणि हे बघ."

"चूक तुमची नाही, माझी आहे. आणि आज ती सुधारायची आहे. तुम्ही पुन्हा म्हणा, खऱ्या नावाने. मी लगेच पाठवते."

"तुझ्या फोनसमोर?"

"फोनसमोर."

"नाही म्हणणार."

"सेइदे, मुलांना शिकवताना खरं नाव घ्यायला परवानगी आहे. तुम्हीच मला सांगितलं होतं."

"मूल समोर असेल तर. हे मूल आहे का?" त्याने फोनकडे बोट दाखवलं. "दिवा नाही, सण नाही, आणि मी या यंत्राकडे बघून त्याचं नाव घेऊ? ते नाटक झालं. नाटकात मी हाशेमच म्हणणार."

"मग मी म्हणते."

"तू काय निराळ्या देवाची आहेस?"

खरं तर ती घरी जाऊन म्हणू शकली असती आणि त्याला कळलंही नसतं. पण मुलांना ती काय शिकवत होती? म्हाताऱ्याचा आवाज की त्याची शिस्त? शिस्त मोडून शिकवलेली शिस्त तिला नको होती.

तिने अंगणात जाऊन पेर्लाला निरोप पाठवला, की हाशेमच्या जागी खरं नाव म्हणायला सांग. उत्तर लगेच आलं, बोलून पाठवलेलं. "खरं नाव कोणतं गं? मला थोडं थोडं आठवतंय, पण पैज नाही लावणार. तू म्हणून पाठव की." नोएमीने लिहिलं, की म्हणून पाठवता येत नाही, लिहूनही नाही. पेर्लाचं पुढचं उत्तर मळ्यावरच्या कोंबड्यांच्या आवाजासकट आलं. "म्हणजे शब्द बदलायचा, पण कोणता ते सांगायचं नाही. छान. आम्ही मळ्यावरचे लोक, आम्ही आपलं दाखवाल तसं करतो. खोकायला लावलंत तर खोकतो."

मग सेइदेनेच एक तडजोड काढली. मूल पलीकडे खरंच ऐकत असेल तर साध्या फोनवर बोलायला त्याची हरकत नव्हती. नोएमीने पेर्लाला फोन लावला, आब्रीलला बोलावलं. पण मळ्यांवर निरोप कसेबसे पोचतात, बोलणं मात्र तुटतं. सेइदेने फोन कानाशी धरून पहिली बराखा सावकाश म्हणायला घेतली. नावापाशी आला, आणि पलीकडून आब्रीलचा आवाज आला, "अर्धंच ऐकू आलं, सेइदे. पुन्हा म्हणा."

सेइदेने फोन टेबलावर ठेवला, जसं काही तो तापला होता. "अर्धं नाव," तो म्हणाला. "हे त्याहून वाईट. पुन्हा नाही."

आता कुणीही सांगितलं असतं, की मुलं लहान आहेत, देव समजून घेईल, पुढच्या वर्षी बघू. रुबेनने तसा निरोप पाठवलाही. नोएमीने तो वाचला आणि फोन उलटा ठेवला.

"सेइदे, आज संध्याकाळी तुम्ही दिवे लावणार."

"लावणारच."

"बराखा म्हणून. खरं नाव घेऊन. ते नाटक नाही."

"नाही."

"तेव्हा मी मागे उभी राहिले, हातात फोन घेऊन, तर?"

तो विचारात पडला. आज आठवड्यातला मधला वार होता, शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, नव्हता. फोनला बंदी नव्हती. "मला काय, मागे कोण उभं आहे ते मी कशाला बघू? पण त्याचा उपयोग काय? मी लावणार अंधार पडल्यावर. डिसेंबरात अंधार पडेस्तोवर पोरं पेंगतात. तुझी फिल्म मळ्यांवर पोचायला आणखी तास. तोवर त्यांनी कालचंच म्हटलेलं असेल."

"अंधाराआधी लावता येत नाही का? शुक्रवारी तर शब्बाथ लागण्याआधी आपण उन्हातच लावतो."

सेइदेने मातेत गरम पाणी ओतलं. ओतताना त्याने हात मध्येच थांबवला. "ज्याला अडचण आहे त्याला मुभा आहे," तो हळूहळू म्हणाला, जणू कुणी दुसराच ते सांगत होता आणि तो ऐकत होता. "सूर्य मावळायच्या तास-सव्वा तास आधीपासून. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्तच. पण दिवा तारे दिसल्यावर अर्धा तास जळत राहिला पाहिजे. आणि तेवढं तेल लावतानाच त्यात हवं. मागाहून घातलेलं मोजत नाहीत. कमी पडलं तर माझी बराखा वाया गेली. म्हणजे मी नाव उगाच घेतलं."

"मेणबत्त्या टिकणार नाहीत."

"अर्धा तास टिकत नाहीत. बघितलंस ना, कालची पोरीची कशी वाकली होती."

"तेलाचे दिवे करू. तेल किती लागेल ते मी मोजते."

"अडचण आहे, हे मात्र खरं," सेइदे म्हणाला. स्वतःचीच समजूत घातल्यासारखा. मग त्याने नळी तोंडातून काढली. "थांब. तिसरी."

"काय तिसरी?"

"तिसरी बराखा मी काल म्हटली. माझी झाली. आज पुन्हा म्हटली तर ती उगाच. तुझीही काल झाली. मुलांची मात्र झाली नाही. ज्याची पहिल्या दिवशी राहिली त्याने दुसऱ्या दिवशी म्हणायची असते. त्यांना ती आज म्हणायची आहे, आणि ती दाखवायला आपल्यात कुणीच उरलेलं नाही."

नोएमी उठून उभी राहिली. "जिची राहिली आहे तिला आणते."

पेर्लाने फोन उचलताच सांगितलं, की आज गुरांना लस टोचायची आहे, ट्रकचा पट्टा कुरकुरतोय आणि पोरगी अजून झोपायच्या झग्यात आहे.

"पट्टा तुटला तर रुबेन येईल. आब्रीलला घेऊन ये. दुपारपर्यंत."

"एका शब्दापायी?"

"हो. आणि रात्री इथेच राहायचं. सेइदे म्हणतो, झोपायचं जिथे तिथेच दिवा लावायचा."

"वा. गुरांना पण घेऊन येऊ? त्यांना एकटं करमत नाही."

"पेर्ला, तुझ्या मुलीची आजची बराखा उरलेली सात घरं ऐकणार आहेत. दुसरी कुणी नाही माझ्याकडे."

तुटलेल्या फोनवर पेर्ला काय म्हणाली ते कळलं नाही. पण अकराच्या सुमाराला तिचा निरोप आला, "निघालो. खोकायचं की नाही, ते आब्रील विचारतेय."

तोवर नोएमीने शाळेतून छोटा वजनकाटा आणला होता. सेइदेच्या कपाटातल्या दारूच्या इवल्या पेल्यांत थोडं पाणी, वर सूर्यफुलाचं तेल, त्यात वात तरंगत ठेवून तिने एक पेला पेटवला. तासाभराने वजन किती घटलं ते पाहिलं. मग वात जाड करून पुन्हा पाहिलं, कारण जाड वात जास्त तेल पिते. खिडकी उघडी ठेवूनही पाहिलं, कारण वाऱ्यात ज्योत वेगळी जळते. गुणाकार झाल्यावर तिने आकड्यात निम्मी भर घातली.

"शाळेत काय शिकवता तुम्ही?" सेइदे दारातून म्हणाला. "देवावर भरवसा ठेवायचा की काट्यावर?"

"काट्यावर. देवाचं तुम्ही बघा."

पेले रांगेत मांडताना तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, आणि ती क्षणभर हातातला पेला धरून तशीच राहिली. दुसऱ्या संध्याकाळी दोन दिवे. मांडायचे उजवीकडून, पण लावायचा आधी डावीकडचा, नवा. जुन्या फिल्ममध्ये दिवे कसे लावायचे ते हाताने दाखवताना सेइदे मुलांच्या समोर उभा होता, तोंडासमोर तोंड. त्याची डावी बाजू पडद्यावर मुलांच्या उजव्या हाताला आली होती. काल एकच दिवा होता म्हणून निभावलं. आज ती सगळी उलट्या टोकाने सुरुवात करणार होती. कुणाच्या पाठीमागे उभं राहून शिकण्यात आणि समोर बसून शिकण्यात एवढा फरक होता. तिने फोनची तिकाटी उचलून खिडकीसमोरून काढली आणि सेइदे जिथे उभा राहायचा त्याच्या उजव्या खांद्यामागे ठेवली.

पेर्ला आणि आब्रील आल्या त्या धुळीने माखून. सेइदेने आब्रीलला हातपाय धुवायला लावले आणि आतल्या खोलीत नेलं. नोएमीचा फोन त्याने आधी अंगणात ठेवायला लावला. दार अर्धवट उघडं होतं. दोघी बहिणी बाहेर बाकावर बसून ऐकत होत्या.

"मग काल मी काय केलं?" आब्रील विचारत होती.

"काल तू माझी नक्कल केलीस. फार चांगली केलीस. आज नक्कल नाही. आज तुझं तू म्हणायचं."

मग त्याने ते नाव उच्चारलं. साध्या आवाजात, लिलावाच्या नाही. आब्रील त्याच्यामागून म्हणाली. बराखा सुरुवातीपासून म्हटली तेव्हा मात्र जीभ सवयीने 'हाशेम'वर गेली. पुन्हा. पुन्हा तेच. सेइदे रागावला नाही. तो तिला फक्त त्या शब्दाच्या आधी थांबायला सांगत होता. "घाई नाही. थांब. आठव. मग म्हण."

"चुकली तर?" पेर्ला नोएमीला हळूच म्हणाली. "पुन्हा घेशील ना तू? फिल्मवाले घेतात तसं?"

"नाही घेता येणार. बराखा खरी आहे. एकदाच."

"कमाल आहे तुमची," पेर्ला म्हणाली, आणि बाकाची कड घट्ट धरून बसली.

ऊन अजून अंगणभर होतं तेव्हा सेइदेने कोट चढवला, टोपी घातली आणि खिडकीपाशी उभा राहिला. एकदाही मागे न बघता त्याने दोन बराखा म्हटल्या आणि डावीकडचा दिवा आधी, मग उजवीकडचा, असे लावले. उजेडात ज्योती जेमतेम दिसत होत्या. मग तो बाजूला झाला आणि आब्रील तिच्या दोन पेल्यांसमोर येऊन उभी राहिली. हातात पेटलेली सेवक मेणबत्ती, जिने बाकीचे दिवे लावतात.

पहिली बराखा. नावाच्या आधी ती थांबली आणि मग ते म्हणाली. दुसरीतही थांबली, पण कमी. तिसरीत ती इतका वेळ थांबली, की मेणबत्तीचं मेण तिच्या बोटावर ओघळलं आणि नोएमीला वाटलं, आता संपलं. पेर्लाने डोळे मिटून घेतले. सेइदेचे ओठ बंद होते. तिला मदत करायची म्हणजे त्याला ते नाव स्वतः उच्चारावं लागलं असतं, आणि आता ते तिचं होतं. आब्रीलने बोट हलवलं नाही. ते नाव तिने स्वच्छ, मोठ्याने घेतलं आणि बराखा शेवटपर्यंत नेली.

"आमेन," तिघंही म्हणाली. मग तिने डावीकडचा दिवा लावला.

"हा थांबलेला भाग कापणार आहेस?" पेर्लाने विचारलं.

"नाही," नोएमी म्हणाली. "तिथेच तर धडा आहे." ती तोवर जुनी फिल्म काढून टाकत होती. नव्या फिल्मखाली तिने एवढंच लिहिलं, की कालची विसरा, ही बघा, तिसरीसुद्धा आज म्हणायची, आणि डाव्या हाताचा दिवा आधी. निरोप हळूहळू एकेका मळ्याकडे सुटला. पोचल्याची खूण एकेकाच्या नावापुढे उमटायला लागली. शेवटची सूर्य खाली गेल्यावर उमटली.

मग बघायचं उरलं ते दिव्यांकडे. चौघं खिडकीजवळ बसली. त्या उजेडात काही काम करायचं नसतं, म्हणून हात मोकळे. तारे आले. तेल पेल्यांत उतरत होतं. सेइदे ज्योतींकडे बघत नव्हता. तो नोएमीकडे बघत होता, आणि ती तेलाच्या कडेकडे.

"किती राहिलंय?"

"पुरेल."

"काट्याने सांगितलं?"

"काट्याने सांगितलं त्याहून जास्त घातलंय."

त्यावर तो कोटाची बटणं सोडून आरामात बसला. तेवढ्यात फोन वाजायला लागला. एकेका घरातून व्हिडिओ येत होते. कुणाच्या स्वयंपाकघरात पंखा घरघरत होता, कुणाच्या मागे कुत्रं. मुलं थांबत होती, आब्रीलसारखीच, आणि मग नाव घेत होती. व्हिडिओतल्या बराखेला आमेन म्हणत नाहीत, म्हणून सेइदे नुसता ऐकत होता. प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत. आब्रील त्याच्या खुर्चीच्या हातावर बसून दिवे कुठल्या बाजूने लागतात ते तपासत होती.

सातवा व्हिडिओ सर्वांत लांबच्या मळ्यावरून आला, नाता नावाच्या सहा वर्षांच्या मुलाचा. नाताने मेणबत्ती बरोबर डावीकडच्या दिव्याजवळ धरली होती, उभाही नीट राहिला होता. तो थांबला, दमाने थांबला, आणि मग म्हणाला, "हाशेम." तिन्ही वेळा.

पेर्ला म्हणाली, "लहान आहे गं तो. होतं असं."

नोएमीने तोवर नाताच्या आईचा नंबर काढला होता. सेइदेने हात पुढे करून तिला थांबवलं, आणि तिला वाटलं, आता हाही म्हणणार, राहू दे.

"उद्या तीन दिवे," तो म्हणाला. "त्याची तिसरी अजून बाकी आहे. त्याला दुपारच्या आत इकडे घेऊन ये म्हणावं, आणि झोपायचे कपडे बरोबर घ्यायला सांग."